लात आली तरच सुई

"सिस्टर पिऊन येऊन राहिली वाटते," लोधीखेड्याची एक सासू शेजारणीला म्हणाली. तिची सून पहिल्या खाटेवर होती. मी खाटेसमोरच्या नोंदणीच्या काचेमागे मान खाली घालून बसले. मला ऐकू आलं हे तिला कळू दिलं नाही.

संशय माझाही होता. सौंसरच्या त्या बाळंतपणाच्या दवाखान्यात मी नवी होते, पांढुर्ण्याहून रोज बसनं यायचे. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे वॉर्डातल्या बायांशी बोलायला लाजायचे. न बोलणारा माणूस किती पाहतो, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल.

सिस्टरचा आवाज घोगरा, चेहरा सुजलेला, चाल जड. एकदा हातातून काचेची कुपी निसटून फुटली. बीपी चढून झटके येण्याची भीती असलेल्या बायांना त्या मॅग्नेशियमची सुई देत. त्याआधी खिशातून रबरी हातोडी काढत, गुडघ्याखाली ठोकत आणि म्हणत, "मार लात मले. लात आली तरच सुई."

औषध अंगात जास्त झालं की पाय उडत नाही. पुढे श्वासही मंदावतो. हे सगळ्या सिस्टर पाहतात. या मात्र तीनदा ठोकत. विसरतात की काय? तक्रारीला पुरावा हवा म्हणून मी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लाल पेनानं टिपू लागले: सुई कधी दिली, किती ठोके मारले, लात आली का.

सासू हे बोलली त्याच्या आदल्या आठवड्यात रिकाम्या वॉर्डात त्या स्वतःच्याच गुडघ्यावर हातोडी मारताना दिसल्या. पाय उठला आणि फार सावकाश खाली आला.

"काय पाहून राहिली व पोरी? थायरॉईड कमी आहे माहं. पाय बी आळशी झाला. बोटं बधिर. म्हणून तीनदा पाहातो. माह्यावर माहाच भरोसा नाही."

मी हसले. विश्वास ठेवला नाही. पिणारेही आजाराचंच नाव सांगतात. लाल पेन चालूच राहिलं.

त्या आता निवृत्त झाल्या. हातोडी नव्या सिस्टरच्या खिशात असते. ती एकदाच ठोकते.

तर त्या दिवशी लोधीखेड्याच्या सुनेला सकाळी आणि दुपारी सुई झाली, चार वाजता ती बाळंत झाली. बाळ रडलं, पण मग लुळं पडलं. दूध ओढेना. सिस्टरनं त्याच्या तळव्यावर टिचकी मारली. "आईच्या सुईचा अंमल आहे व. उद्या पिईन."

ते खरंच दुसऱ्या दिवशी प्यालं. पण तेव्हा कोणाला ठाऊक?

"जास्त टोचलं हिनं!" सासू ओरडली. "पिऊन होती!"

डॉक्टरबाईंनी सुईच्या नोंदीचा कागद पाहिला. दोन्ही वेळा लात आल्याचं लिहिलं होतं.

"कागद तर हिनंच लिहिला!"

"सुईच्या वेळी कोणी होतं का इथं?" डॉक्टरबाईंनी विचारलं. सिस्टर आपल्या बोटांकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि सासू वरपर्यंत तक्रार नेणार होती.

मी काचेबाहेर आले. शेवटचं पान उघडून डॉक्टरबाईंसमोर धरलं. ते कशासाठी लिहिलं होतं, हे सिस्टरना आता कळणार होतं.

"दोन्ही वेळा लात आली," मी म्हणाले. "तीन-तीनदा. मी पाहून राहिली होती."