चामडं, मोगरी आणि आबांचा पाउच

हे किस्से मी ज्या क्रमाने सांगतोय त्याच क्रमाने घडले का, याची मला खात्री नाही. एखाद-दुसरा मी पाहिला की नंतर कोणाकडून ऐकला, हेही शपथेवर सांगता येणार नाही. किस्से घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे साठतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण एक ओढली की दहा बाहेर येतात.

जळगावात आम्ही तीन म्हातारे चामड्यावरचं कोरीव काम शिकायला जात होतो, तेव्हाचे हे. शिकवणारी तेजल, धुळ्याची, डिझाइन शिकून आलेली. वर्ग शनिवारी, एका कोचिंग क्लासच्या वरच्या खोलीत. खाली डॉक्टर होऊ पाहणारी मुलं, वर डॉक्टरांनी पाठवलेले आम्ही. मला सांगण्यात आलं होतं, "डोक्याला विश्रांती द्या, हातांना काम द्या." डोक्याला आजवर काम होतं, हा डॉक्टरांचा समज मी खोडून काढला नाही.

* * *

मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक होतो. डॉक्टरेट आहे. तेव्हा माझं चामडं मीच आणीन, असं मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. भरपूर वाचून, दुकानाच्या दारातून एकदा परत येऊन, शेवटी एक मऊ, चकचकीत तुकडा आणला. ठसा ठेवला, वर लाकडी मोगरी मारली. सुंदर फूल उमटलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तर गेलेलं.

तेजलने बोटाने दाबून पाहिलं. "काका, हे सोफ्याचं आहे. यावर आख्खा माणूस बसून उठला तरी खूण राहत नाही. तुमच्या फुलाचं काय घेऊन बसलात?"

ठसा धरायला झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं लागतं. क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं चालत नाही. हा फरक मी वर्गात शिकवत असे. बहुधा बरोबर शिकवत असेन.

* * *

घरी सराव करायला बसलो, तर आमच्या हिने "चामडं देवघरासमोर नको" म्हणून मला गॅलरीत पाठवलं. आत खुंटीवर हिची लेदरची पर्स लटकत होती. ती कशाची आहे, असं मी विचारलं.

"ती पर्स आहे," ही म्हणाली. इतका निर्दोष युक्तिवाद मी विद्यापीठातही ऐकला नव्हता.

गॅलरीत ठोकाठोक सुरू झाली. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वहिनी रिकामी वाटी घेऊन वर आल्या. "सर, एवढा मसाला कांडताय, तर वाटीभर आम्हालाही द्या."

* * *

वर्गातल्या दुसऱ्या विद्यार्थिनी म्हणजे अक्का. पारोळ्याच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. ठशावर मोगरी हलक्या हाताने मारायची असते. अक्कांनी पहिल्याच ठोक्यात पान चामड्याच्या आरपार काढलं.

"अक्का, हळू," तेजल म्हणाली.

"आयुष्यभर हळूच मारलं. त्याचा परिणाम पारोळ्यात मोटारसायकलवर फिरतोय."

पुढे त्यांनी गुलाब कोरला. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी म्हणालो, "कोबी छान जमलाय." अक्का एरवी पुस्तकी मराठी बोलत, रागावल्या की अहिराणीत उतरत.

"सर, हाऊ गुलाब शे. तुमना चष्मा बदला."

पुढच्या शनिवारी त्यांनी तो हिरवा रंगवून आणला होता.

* * *

तिसरे नाना. पहूरजवळ त्यांची केळीची बाग. ते छंद म्हणून आलेले नव्हते. त्यांचे थोरले भाऊ आबा त्यांच्याशी बोलत नव्हते. वाटणीच्या वेळी विहिरीवरून बिनसलेलं. आबा भाऊबंदांत सांगत फिरत, "नान्यानं जन्मात सोताच्या हातानं एक काम केलं नाही." म्हणून नानांना स्वतःच्या हाताने आबांसाठी कमरेला लावायचा मोबाइलचा पाउच करायचा होता.

"मुलीच्या लग्नाले बोलावलं, आले नाही," नाना म्हणाले. "आता हे घेतलं तर घेतलं. नाही तर मले भाऊ नाही, असं समजीन."

त्यानंतर अक्कांनीही नानांच्या कामाला नावं ठेवणं बंद केलं. म्हणजे कमी केलं.

* * *

चामडं आधी ओलं करतात आणि ते सुकत आल्यासारखं दिसू लागलं की कोरायला घेतात. जळगावच्या मे महिन्यात ही वेळ सुरी उचलेपर्यंत निघून जाते. म्हणून एका शनिवारी नानांनी शेतातली ठिबकची नळी आणली, खिडकीच्या गजाला बादली टांगली आणि थेंब चामड्यावर सोडले. आम्ही चहा पिऊन येईपर्यंत चामड्याचा भिजलेला पापड झाला होता.

"नाना, हे चामडं आहे, केळी नाही," तेजल म्हणाली.

"ताई, जे वाळते त्याले पाणी द्याचं. याच्यापुढं आपल्याले काही येत नाही."

थेंबांचा वेग कमी करून पाहावा, असं मी सुचवलं. ते गंभीरपणे घेतलं गेलं, हे त्या वर्गाचं दुर्दैव. दुसरं चामडंही तसंच गेलं.

* * *

शेवटी पाउच झाला. वर केळीचा घड कोरलेला. लांबून झुरळांची सभा वाटायची. तो द्यायला एकट्याने जायचा नानांना धीर होईना. मला सोबत घेतलं, कारण मी सर. अक्कांना घेतलं, कारण त्यांच्यासमोर आबा शिव्या देणार नाहीत.

आबा ओसरीत खाटेवर बसले होते. नानांनी पाउच त्यांच्यापुढे ठेवला. आबांनी तो उलटासुलटा पाहिला आणि नानांकडे न बघता मला म्हणाले, "सर, याले विचारा, हे कोनी केलं?"

"सर, सांगा, मी केलं," नाना म्हणाले.

दोघांत हातभर अंतर. मी मधे बसून इकडचं तिकडे सांगत होतो. डॉक्टरेटचा इतका थेट उपयोग प्रथमच होत होता.

आबांनी मोबाइल काढला. मुलाने पुण्याहून पाठवलेला, शाळेच्या पाटीएवढा. तो पाउचमध्ये अर्धाच गेला. नानांनी माप स्वतःच्या बटनांच्या मोबाइलचं घेतलं होतं.

"सर, याले सांगा, बसत नाही."

नाना खाली मान घालून बसले. मी घाईघाईने म्हणालो, "वापरून चामडं सैल पडतं." एवढं सैल पडत नाही. आबांनी पाउच उशीखाली सारला आणि आत चहा सांगितला.

परतताना नाना एकच विचारत होते, "ठेवला म्हनजे घेतला का, सर?"

अक्का म्हणाल्या, "चहा दिला ना? मग गप बसा."

दिवाळीला दोघे भाऊ एका पंगतीत दिसले. हे कसं झालं, ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. अक्कांनी कुठूनतरी एक गोष्ट ऐकली होती. ऐकीव म्हणून मी ती सोडून दिली.

बऱ्याच वर्षांनी जामनेरला एका मोबाइलच्या दुकानात चार्जर घ्यायला थांबलो, तेव्हा अक्कांच्या गोष्टीतलं दुकान हेच, हे आठवलं. दुकानदाराला माझी ओळख सांगून आबांची ती गोष्ट खरी का, असं सहज विचारलं.

"हो, सर, खरं आहे," तो म्हणाला. "आबा तुम्ही येऊन गेल्यावर दोन-चार दिवसांतच आले. हातात पाउच. दुकानातले सारे मोबाइल बाहेर काढायला लावले. मी म्हटलं, आबा, लोक मोबाइल घेतात आणि मग पाउच शोधतात. ते म्हणे, 'तू घालून पाह्य. यात बसीन तो दे.'"