पांढऱ्या दगडातली वाट

बपेरा गावाजवळच्या टोलीवर, एका लहानशा वस्तीवर, आनंदराव मिस्त्रीशिवाय कोणाच्या हातानं बोरिंग दुरुस्त होत नसे, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे. मे महिन्यात टोलीचं एकुलतं हातपंपाचं बोरिंग आटलं, तेव्हा त्यानं छाती ठोकून त्यात तेजाब ओतलं. खाली चुन्याच्या जातीचा पांढरा दगड. तेजाब लागलं की तो फसफसून विरघळतो, बुजलेल्या भेगा मोकळ्या होतात. पाणी बदाबदा आलं. बायांनी नारळ दिला. महिनाभर गडी हवेतच होता.

धान पोटरीवर आलं आणि बोरिंगमागची कौशल्याबाईची बोडी उतरू लागली. तिचं सगळं धान त्या तळ्यावर. लोक म्हणाले, पाळीत, म्हणजे बोडीच्या बांधात, खेकड्यांनी बिळं केली. बाईनं तीनदा चिखल थापला, तरी पाणी उतरतच राहिलं.

आनंदरावाला मात्र वेगळाच संशय आला. पावसाचं पाणी पिढ्यान् पिढ्या हा दगड आतून खात आलंय, हे त्याला ठाऊक होतं. बोडीपासून बोरिंगपर्यंत दगडातून पाण्याची वाट जुनीच असणार. गाळानं बुजलेलं तिचं तोंड त्याच्या तेजाबानं उघडलं असेल तर? खात्री करायला त्यानं बोडीच्या उरलेल्या पाण्यात चार बाटल्या नीळ ओतली. दुसऱ्या सकाळी बोरिंगला निळसर पाणी आलं.

तो तडक कौशल्याबाईकडे गेला. "बाई, खेकड्यायचा दोष नाई. तुमच्या बोडीचं पानी माह्या तेजाबानं बोरिंगात उतरून राह्यलं."

बाईनं बोडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "माह्या धानाचं जाऊ द्या, मिस्त्री. त्या बोडीत म्हशी बसतेत. तुमी अख्ख्या टोलीले तेच पाजून राह्यले काय?"

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. महिनाभर घरोघरी हगवण होती, आणि सगळे हवेला बोल लावत होते. त्यानं पाना घेतला आणि बोरिंगचा दांडाच काढला.

"काहून काढून राह्यले, भाऊ?" बाया धावल्या. त्यानं निळं पाणी दाखवलं; नीळ बोडीत टाकली होती, म्हशींचं पाणी इथं येतंय, असं सांगितलं.

"नीळ टाकाल तं निळंच येईन ना!" सगळ्या हसल्या. त्याला रडू यायचं तेवढं राहिलं.

दुसऱ्या दिवशी बोरिंगला दांड्याच्या जागी कोणीतरी लोखंडी सळाख बांधली होती. पाणी भरत होती त्याचीच बायको, मंगलाबाई.

"दोन कोसावरून पानी कोन आनते? तुमी?" तिनं हात न थांबवता विचारलं. मग म्हणाली, "उचलून द्या."

आनंदरावानं भरलेली घागर उचलून तिच्या डोक्यावर ठेवली.