बसूची शाळा आणि कादर मास्तरांची मिशी

आमच्या घरात चार माणसं जमली आणि चहा जरा रेंगाळला, की कुणीतरी म्हणतंच, "बसूच्या शाळेचं सांग की!" हे किस्से कुणी ठरवून गोळा केले नाहीत. खळ्यावर भूस साचतं तसे ते आपोआप साचत गेले.

बसू माझा धाकटा भाऊ. जन्मापासून बहिरा. काळ निजामाचा, गाव उमापूर आणि शाळा सरकारी, म्हणजे सगळा कारभार उर्दूत! आमच्या अप्पांचं किराणा दुकान होतं. बसूला लिहायला-वाचायला आलं नाही तर उद्या कुणीही त्याला फसवील, एवढी एकच काळजी त्यांना खात होती. पण बहिरं पोर शाळेत घालायचं म्हटल्यावर गाव म्हणायचं, "महादप्पाला ऊन लागलंय!"

*

शाळेचे हेडमास्तर हैदराबादचे. त्यांना सगळे सदरसाहेब म्हणायचे. माणूस चांगला, पोट त्याहून मोठं. त्यांनी बसूकडं बघितलं आणि मान हलवली, "जो सुनताच नहीं वो पढेगा कैसा? नक्को!"

दुसऱ्या दिवशी अप्पा पटका बांधून, पाटी घेऊन स्वतःच पहिलीच्या वर्गात जाऊन बसले!

"पोराला बसू देत न्हाईत ना? मग मी शिकतो, आन घरी जाऊन त्याला शिकवतो!"

वर्गाला कादर मास्तर होते. त्यांनी उर्दूचं पहिलं अक्षर "अलिफ" म्हटलं की अप्पांचा "अलिफ" सगळ्या पोरांच्या वर. तेवढ्यात खिडकीत एक बाई आली, "महादप्पा, गूळ हाय का?"

"हाय की! लई चांगला हाय! मास्तर, जरा थांबा बरं का."

दुपारपर्यंत शाळेबाहेर तेलाच्या बुधल्या घेऊन बायका उभ्या. एकीची शेळी वर्गात. एकजण तर तंबाखू ओली निघाली म्हणून सदरसाहेबांशीच भांडायला लागला!

मी तेव्हा वरच्या वर्गात होतो. सदरसाहेबांनी मला बाहेर बोलावलं आणि चक्क हात जोडले, "बाप को ले जाओ, बेटे को छोड जाओ!"

*

पण वरून परवानगी लागणार होती. गेवराईच्या तालुका कचेरीला शंका, की पोरगं सोंग तर करत नाही? टेस्ट घ्यायला एक हकीमसाहेब घोडीवर बसून आले.

बसू शेंगा खात बसला होता. हकीमसाहेबांनी मागून थाळी बडवली. बसू शेंगा खातोय. त्यांनी शिंग वाजवायला लावलं. बसू शेंगा खातोय.

"लडका चालाक है," हकीमसाहेब म्हणाले आणि सोबतच्या रोहिल्या शिपायाला हवेत बार काढायला सांगितला.

धडाम! लिंबावरचे कावळे उडाले, सदरसाहेब टेबलाखाली गेले, घोडी खोगिरासकट गेवराईच्या वाटेला लागली! बसूनं नाक वर करून धुराचा वास घेतला, मागं वळून बघितलं आणि हकीमसाहेबांपुढं मूठभर शेंगा धरल्या.

सदरसाहेब टेबलाखालूनच ओरडले, "हकीमसाहब, लडका बहरा है क्या?"

हकीमसाहेबांनी कानामागं हात धरला, "क्या? जरा जोर से बोलो!"

*

महिन्या-दोन महिन्यांनी हुकूम आला. बसूला पुढं बसवा, रोज थोडा वेळ त्याला वेगळं शिकवा आणि "ऊँची आवाज में" शिकवा!

कादर मास्तर हुकमाचे पक्के. बसूच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी असा सूर लावला, की पारावरची कुत्री उठून बसली. बसू मात्र मास्तरांच्या गळ्यावर फुगणारी शीर मोठ्या कौतुकानं बघत होता.

शाळेमागंच गावाची विहीर. पाणी भरायला येणाऱ्या बायकांना रोज तोच धडा ऐकू यायचा. आमच्या काकूनं जन्मात पाटी बघितली नव्हती. पण एके सकाळी ती जात्यावर बसून गायला लागली, "अलिफ, बे, पे, ते गं बाई, अलिफ, बे, पे, ते..."

आमच्याकडं एक जंगमस्वामी उतरले होते. डोळे मिटून, मान डोलावत त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "माय, ही रचना कुन्या संताची?"

काकू म्हणाली, "कादर मास्तरांची!"

*

ओरडून उपयोग नाही हे आधी आईच्या ध्यानात आलं. बसू तिच्या ओठांकडं बघून निम्मं बोलणं ओळखायचा. मग मास्तरांचं का कळंना? तर मास्तरांची मिशी! वरच्या ओठावर असं छप्पर, की आत तोंड आहे हे जेवतानाच कळायचं.

अप्पा भीत भीत गेले. "मास्तर, लई उपकार होतील. जरा मिशी तेवढी..."

मास्तर ताडकन उठले, "मूँछ सरकारी नहीं, खानदानी है!"

तरी माणूस मायाळू. दुसऱ्या दिवसापासून बसूला शिकवताना ते दोन बोटांनी मिशी वर उचलून धरायला लागले. झालं! बसूला वाटलं, अक्षर काढायची रीतच अशी. तोही दोन बोटांनी ओठ वर धरून "बे" म्हणायला लागला. त्याचं बघून वर्गातली सगळी पोरं. मास्तर फळ्याकडून वळले, तर सगळा वर्ग नाकाशी बोटं लावून बसलेला!

ते सरळ न्हाव्याकडं गेले.

परत आले तेव्हा वरच्या वर्गातले आम्हीही दारात जमलो होतो, पण कुणी हसलं नाही. तोंड एवढंसं दिसत होतं. बसू मात्र उठून जवळ गेला, मास्तरांच्या उघड्या ओठांवर बोट ठेवून बघितलं आणि बोट न लावता, स्वच्छ म्हणाला, "बे." मास्तरांनी डोळे पुसले आणि आम्हाला दरडावलं, "देखते क्या हो? सर्दी हुई है मेरे कू!"

संध्याकाळी घरी गेले, तर पडद्याआडून त्यांच्या बेगम म्हणाल्या, "मास्टरसाहब घर पे नहीं हैं. बाद में आना!"

*

बसूनं सगळ्यांना खुणा ठरवल्या होत्या. कादर मास्तर म्हणजे मिशी, गेली तरी मिशीच. सदरसाहेब म्हणजे पोटावर थाप. एकदा सदरसाहेबांनी मला विचारलं, "ये क्या बोलता रे?"

मी म्हणालो, "आदाब अर्ज है, साहेब."

सदरसाहेब खूश! तेव्हापासून बसू दिसला की ते स्वतःच पोटावर थाप मारून त्याला आदाब करायचे.

*

पुढं बसू चौथी झाला, दुकान त्यानंच वाढवलं आणि त्याला कुणी फसवल्याचं मी तरी ऐकलं नाही. पण त्याआधी मुआयना, म्हणजे शाळेची तपासणी, झाला होता.

बहिऱ्या पोराची ही स्पेशल सवलत चालू ठेवायची की बंद करायची, ते बघायला हैदराबादहून एक बडे साहेब आले. तुर्की टोपी, शेरवानी आणि अस्सल लखनवी उर्दू. आमची पोरं शेतकऱ्यांची. त्यांना कादर मास्तरांची दखनी कशीबशी कळायची. हे तर सगळंच डोक्यावरून!

साहेबांनी पहिल्या पोराला काहीतरी विचारलं. पोरगं गप्प. दुसऱ्याला विचारलं. तेही गप्प. तिसरं रडायला लागलं. दारात अप्पा पटका सोडून पुन्हा बांधत होते.

बसू पाटीवर साहेबांची टोपी काढण्यात गुंग होता.

शेवटी साहेब वैतागले. स्वतःचा हात वर करून म्हणाले, "जो बच्चा सुन नहीं सकता, वो हाथ ऊपर करे!"

साहेबांनी हात वर केला म्हणून सगळ्या वर्गानं हात वर केले. एकटा बसू मान खाली घालून टोपीचा गोंडा रंगवत होता.

साहेबांनी वर्गभर नजर फिरवली. मग बसूच्या पाठीवरून हात फिरवत सदरसाहेबांना म्हणाले,

"लाहौल विला! इस एक सुननेवाले बच्चे को आपने इतने बहरों में क्यों बिठा रखा है?"