पाय उचलू नको

“अजून पिठलंच हाये,” मावशी ड्रायव्हरच्या सीटवरून सांगायची, आणि जीपखाली उताणा पडलेला मिस्त्री पुन्हा पान्याला हात घालायचा.

तुमच्यापैकी कुणी ब्रेकमधली हवा काढताना पाहिली असेल, तर हे एकट्याचं काम नाही हे ठाऊक असेल. वर एकानं पायडल पंप करून दाबून धरायचं, खाली दुसऱ्यानं चाकामागचं हवा सोडायचं निपल सैल करायचं. बुडबुड्यांसकट ऑइल बाहेर येतं. निपल परत आवळेपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही. उचलला की हवा पुन्हा आत. आदिलाबादला कापूस बाजाराच्या मागे मी मालकाची जीप ज्या गॅरेजात न्यायचो, तिथं वरचा पाय मिस्त्रीच्या बायकोचा, म्हणजे मावशीचा असे.

देवळात शिरावं तशी ती चपला खाली काढून जीपमध्ये चढायची. “चपलेतून समजत नाई,” म्हणायची. मांडीवर मेथीची जुडी. खालून “धर” आलं की धरायची, “सोड” आलं की सोडायची, हात मेथी निवडतच. पायडल भुसभुशीत लागलं तर पिठलं, कडक लागलं तर दगड. तेलुगू बोलणारे ड्रायव्हरसुद्धा चावी घ्यायच्या आधी तिच्याकडे बघून विचारायचे, “दगड?”

दोघांचं भांडण झालं की बोलणं बंद, काम चालू. मिस्त्री खालून चासीवर पाना आपटून खूण करायचा, आणि समजलं हे सांगायला ती हॉर्न वाजवायची. हॉर्न ऐकून बाजारातले हमाल म्हणत, “आज बोलून नाई राह्यले वाटते.”

मी सांगलीकडचा. सातवीतच शाळा सुटली, आणि सरकी काढणाऱ्या एका जिनिंगवाल्याची जीप चालवायला इतक्या लांब आलो. निघताना वडील म्हणाले होते, “शाळेतनं पळालास, तिथनंबी पळून येशील.” ते वाक्य घेऊनच मी तिथं राहत होतो.

एकदा भैंसा गावच्या बाजाराच्या उतारावर ब्रेकचा पाइप फुटला. पाय थेट तळाला गेला. समोर कापसाचा ढीग होता म्हणून कुणाला खरचटलंही नाही. मी मात्र पांढऱ्या पिसांचा कोंबडा होऊन बाहेर आलो. लोक हसले, मीही हसलो. पण त्यानंतर माझा पाय पायडलवर ठरेना. मालक म्हणाला, “निर्मलचा घाट उतरायचा आहे. जमत नसेल तर सांग, दुसरा ड्रायव्हर बघतो.”

मी जीप गॅरेजात नेली. नवा पाइप बसला, हवा निघाली, मावशीनं “दगड” म्हटलं. मी निघालो आणि फाटकातून परत आलो. “मावशी, पुन्हा एकदा बघ की.” तिनं पाहिलं. दगड. मी पुन्हा निघालो आणि पुन्हा परत आलो.

“गाडीत नाई बाबू,” ती म्हणाली, “तुह्या पायात हवा हाये. ते मिस्त्रीले निघत नाई.” आणि पलीकडून येऊन माझ्या बाजूच्या सीटवर बसली.

मिस्त्री दुसऱ्या गाडीखालून निघत म्हणाला, “अवं, कुठं जाऊन राह्यली?”

“घाट पाहून येतो.”

“अन् सैपाक?”

“झाकून ठेवला.”

जिल्ह्यातल्या कितीतरी गाड्यांत ती बसली होती. एकीनंही तिला कुठं नेलं नव्हतं. माहेरी तामसीला जायची तीसुद्धा बसनं. सगळा रस्ता ती दाराची कड धरून होती. घाटाच्या माथ्यावर मी जीप थांबवली.

“काऊन थांबला?”

“भीती वाटते.”

“मले बी वाटून राह्यली. चल.”

पहिलं वळण आलं. मी पाहिलं तर तिचा अनवाणी पाय रिकाम्या पत्र्यावर दाबलेला. तिथं कुठलं पायडल? “धर,” ती म्हणाली, अगदी मिस्त्रीच्या आवाजात. “धर… सोड.” माझा पाय तिचं ऐकत गेला. शेवटच्या वळणावर ‘धर’ही नाही, ‘सोड’ही नाही. ती माकडं बघत होती.

खाली उतरल्यावर तिला आठवलं, चपला गॅरेजातच राहिल्या.

परत आलो तेव्हा मिस्त्री त्या चपला हातात घेऊन फाटकात उभा होता. त्यानं त्या तिच्या पायाशी ठेवल्या. “कसे हाये ब्रेक?”

“दगड.”

मी पळून गेलो नाही. पुढे भैंसाच्या जिनिंगमध्ये लागलो, आणि गॅरेजकडे जाणं कमी झालं. मावशी गेल्याचं मला एका हमालाकडून उशिरा कळलं. जिनिंगची जीप घेऊन गॅरेजात गेलो. मिस्त्रीनं खाली पोतं अंथरलं आणि मानेनंच मला सीटवर बसायला सांगितलं. मी चप्पल काढली.

“धर,” खालून आवाज आला. मी धरलं.

“कसा हाये?”

“अजून पिठलंच हाये.”

खाली पाना थांबला. पायाला कळ लागली, तरी “सोड” काही येईना. मी पाय उचलला नाही.