वन्संची शिंक

नाशकात त्या वेळी नाटक कंपन्या येत, महिना-महिना तळ ठोकून राहत आणि गावातल्या पुरुषांची चैन होई. मिशा काढलेले बाप्ये शालू नेसून लाजत, आणि आमच्या घरचे बाप्ये त्या लाजण्याचं कौतुक सांगत दुसऱ्या दिवशी पाटावर बसत. आम्ही बायकांनी पाहायचं ते वरच्या सज्जातून, चिकाच्या पडद्याआडून, तेही सासूच्या मनात आलं तर. पुढे बोलपट आले, पण तिथेही जायचं म्हणजे कुणीतरी नेईल तेव्हा.

म्हणून आमच्या महिला मंडळाने आपलं आपणच नाटक काढलं. बायकांनी करायचं, बायकांनीच पाहायचं. दर चैत्रात, शाळेच्या हॉलमध्ये, दुपारी तीनला सुरू आणि पुरुष कचेरीतून परतायच्या आत संपलेलं. आमच्याकडे सगळा उलटा कारभार असे. बायका धोतर नेसत, मिशा लावत आणि घसा खरवडून जाड आवाज काढत. आज साठ वर्षांनीही माझ्या मते त्या हॉलमधल्या हसण्याइतकं मोकळं हसणं मी कुठे ऐकलेलं नाही.

मी त्या मंडळाची लेखिका. वय बावीस आणि घमेंड पन्नाशीची. त्या वर्षी मी एक प्रहसन लिहिलं होतं. तिसरेपणावर लग्न करायला निघालेला म्हातारा, त्याची कवळी, त्याचा कलप आणि होणारी फजिती. वर्तमानपत्रांतून तेव्हा अशा लग्नांवर बरीच टीका येई, त्यामुळे आपण सुधारकही आहोत असं मला वाटत होतं.

मंडळात मी जाऊ शकत होते ते वन्संमुळे. माझ्या यजमानांची ही थोरली बहीण. नवव्या वर्षी एका म्हाताऱ्या बिजवराला दिलेली आणि अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेली, ती कायमची. आता चाळिशीच्या होत्या. लाल आलवण, डोईवरून घट्ट पदर, दिवसभर सोवळ्यातला स्वयंपाक. मामंजींनी मला मंगळवारी मंडळात जायची परवानगी दिली होती, पण वन्संना सोबत नेण्याच्या अटीवर. अट माझ्यावर नजर ठेवायला होती. प्रत्यक्षात वन्संनाच मंगळवारची माझ्याहून जास्त ओढ. सोमवारपासूनच त्या भांडी जरा जोरात घासायच्या.

मंडळात त्या कोपऱ्यात बसत आणि माझं हस्तलिखित हातात धरून काम करणाऱ्या बायकांना वाक्यं सांगत. शेवटी हळदीकुंकवाचं तबक फिरायला लागलं, की त्या पाणी प्यायच्या निमित्ताने उठून मागच्या ओसरीवर जात. त्यांना कुणी जा म्हणत नसे. तशी वेळच त्या येऊ देत नसत.

म्हाताऱ्याचं काम एका वकिलांच्या बायकोला दिलं होतं. पगडी मी घरून आणली होती. मामंजींची, लग्नाकार्याला घालायची, डब्यात ठेवलेली. विचारून नव्हे. पण वकिलीणबाईंचा अंबाडा एवढा, की पगडी त्याच्यावर तरंगायची आणि त्या वाकल्या की धाडकन पडायची. आम्ही टाचण्या लावल्या, दोरा बांधला, काही उपयोग झाला नाही.

खेळाच्या दिवशी दीड वाजता वकिलांचा गडी चिठ्ठी घेऊन आला. बायको चारचौघींत धोतर नेसणार हे त्यांना आदल्या दिवशी कळलं होतं. बाई येणार नाहीत. बाहेर टांगे यायला लागले होते आणि मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "पगडी इकडे आण."

त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि पगडी ठेवली. साच्यातून काढल्यासारखी बसली. तासलेल्या डोक्यावर ती बसणारच होती, आणि ते लक्षात येताच खोलीतली बोलणीच थांबली. फक्त भद्रकाली भागातल्या, दाढीमिशा करणाऱ्या कारागिराची बायको थांबली नाही. मिशा चिकटवायला तीच येत असे, कारण पुरुषाला आत मज्जाव. तिने डिंकाची वाटी उचलली आणि वन्संची हनुवटी धरून म्हणाली, "हिलो मत मियाँ, मूँछ गाल पे जायेगी."

वन्सं हसल्या आणि आम्ही सगळ्या सुटलो. मग सगळ्यांनी काळारामाची शपथ घेतली, की हे कुणी बाहेर बोलायचं नाही. आलवणातली बाई मिशा लावून रंगभूमीवर उभी राहिली हे मामंजींना कळलं असतं, तर वन्संचे मंगळवार कायमचे संपले असते. त्यांना आठवड्यातून तेवढीच एक दुपार होती.

खेळात वन्संनी माझं प्रत्येक वाक्य बरोबर म्हटलं, पण लोकांनी ऐकलं कुठे? त्यांनी मी न लिहिलेली एक शिंक आणली होती. म्हातारा तपकीर ओढायचा, आढ्याकडे बघायचा, तोंड उघडायचा, मिटायचा. मग सगळ्यांना गप्प करायला एक बोट वर करायचा. आणि ती शिंक यायची, कमरेतून दुमडणारी. वर पुन्हा असा ऐटीत बघायचा, की जणू किल्ला सर केला. तिसऱ्या वेळेला नुसतं बोट वर गेलं आणि हॉल कोसळला. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

खेळ संपला आणि काम केलेल्या सगळ्या ओळीने उभ्या राहिल्या. पाहुण्या म्हणून नाशिक रोडच्या एका साहेबांची बायको आली होती. गावात नवीन, कुणाला ओळखत नव्हती. मंडळाच्या रिवाजाप्रमाणे तिच्या हाती तबक दिलं आणि ती नटांना एकेक करत हळदीकुंकू लावत पुढे आली. वन्सं ओळीच्या मधोमध. ओसरी नव्हती, पाणी प्यायला जाता येत नव्हतं. मी इकडे पडद्याशी उभी. कपाळाजवळ कुंकवाची चिमूट आली. वन्संनी आढ्याकडे पाहिलं. एक बोट वर केलं.

शिंकेने चिमूट उडाली, तबक हललं, कुंकू पगडीवर, मिशांवर, धोतरावर सांडलं. पाहुण्यांसकट सगळ्या पोट धरून हसल्या आणि तबक पुढे गेलं. कुंकू चुकवायला त्या शिंकल्या की अंगावर घ्यायला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

घरी येऊन मी पगडी झटकली, पण कुंकू घड्यांत जाऊन बसलं होतं. तशीच डब्यात ठेवली. दोन आठवड्यांनी एका मुंजीला निघताना मामंजींनी डबा उघडला. मला हाक मारली आणि ही कुणी घातली होती असं विचारलं. मी घातली होती म्हणून सांगणार, इतक्यात वन्सं स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मी घातली होती."

मामंजींनी पगडी उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाले, की शेजारी एका शिंकेचं फार कौतुक चाललंय, ती तुझीच का? वन्संनी होय म्हणून मान हलवली. आता मंगळवार गेले, असं मी मनाशी धरून चालले.

"करून दाखव," मामंजी म्हणाले.

वन्संनी पदराला हात पुसले. आढ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, बोट वर केलं आणि शिंकल्या. एवढ्या भीतीतही मला हसू फुटलं. मामंजी हसले नाहीत. ते खाली बसले.

"हुबेहूब," ते म्हणाले. "जावयांचीच."

"मला त्यांचं तेवढंच आठवतं, बाबा. चेहराही आठवत नाही."

मामंजी म्हणाले, की त्यांनाही आठवत नाही.

माझं हसू जागच्या जागी विरलं. म्हाताऱ्या नवऱ्यांची थट्टा लिहिताना मी घरातच बसलेल्या बाईला एकदा विचारलंही नव्हतं. त्या दिवशी मला माझी जितकी लाज वाटली, तितकी पुढे कधी वाटली नाही.

मुंजीला मामंजी साध्या काळ्या टोपीने गेले. मंगळवार उजाडला तेव्हा आम्ही दोघी कामं उरकत होतो. दुपारी दोनला ते पगडीचा डबा घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि सोवळ्याचा विचार न करता तो वन्संच्या हातात दिला.

"ही तुझ्याकडेच राहू दे," ते म्हणाले. "मला आता ती घालवत नाही. आणि मंडळाला उशीर करू नका."

वाटेत टांग्यात मी डबा उघडून पाहिला. कुंकू त्यांनी झटकलं नव्हतं.