अढीचं दार

माझ्या वडिलांना एकच गोष्ट येत होती. तीही कुणाकडून ऐकलेली नाही, त्यांनी स्वतः रचलेली, आणि रचली होती ती माझ्या दादाला शिक्षा म्हणून. दुसरे बाप छडी घ्यायचे. आमच्या बापाने गोष्ट घेतली. छडीचे वळ चार दिवसांत जातात, म्हणून मला अजूनही वाटतं की छडी बरी होती.

भुईगावात आमची केळीची वाडी. नाताळ उरकला, उन्हं कोरडी पडली की घरात सुकेळी करायची पद्धत होती. राजेळी केळ्यांचे घड उतरवायचे, ते पिकत घालायचे, पिकली की सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्या वाळल्या पानात बांधायची. यातलं वाळवणं सगळ्यांना दिसतं, म्हणून लोकांना वाटतं तेच कठीण. खरं कौशल्य पिकवण्यात. मागच्या पडवीत एक बिनखिडकीची कोठडी होती. तिच्यात पेंढ्यावर घड रचून अढी लावायची, कोपऱ्यात मडक्यात भाताचं तूस धुमसत ठेवायचं, दार लोटायचं आणि फटी शेणमातीने लिंपून टाकायच्या. मग घडांना रंग येईपर्यंत त्या दाराला कुणी हात लावायचा नाही. आतली ऊब एकदा गेली की काही केळी पिकतात, काही दगडासारखी राहतात, आणि दगडाची सुकेळी होत नाही.

त्या वर्षी आजोबा वारले होते. तोवर अढी तेच लावायचे. वडील नुसते घड वाहायचे. आजोबांनंतरची ही पहिली अढी वडिलांची एकट्याची. गावात सगळ्यांचं लक्ष होतं. हा पोरगा बापाचं नाव राखतो की घालवतो, एवढंच लोकांना बघायचं होतं. वडिलांनी लिंपून झाल्यावर आम्हा दोघांना दारासमोर उभं करून बजावलं, इकडे फिरकायचं नाही. मी तेव्हा एवढीशी होते, कडीपर्यंत हात पोचत नव्हता. दादा माझ्याहून बराच मोठा, शाळेत जाणारा.

दार उघडलं तेव्हा आतली अर्धी केळी काळी पडलेली आणि अर्धी हिरवीगार. वडील वाकून दाराच्या लिंपणाकडे बघत राहिले. एका बाजूची माती नंतर लावलेली होती, आणि तिच्यावर बोटांचे ठसे होते, बारीक बारीक.

"दार तू उघडलंस?" त्यांनी दादाला विचारलं. (आमच्या घरची बोली कागदावर नीट उतरत नाही, म्हणून मी ती जरा पुसून घेते.)

"नाय."

"खरं सांग. मी मारणार नाय."

"नाय उघडलं."

वडिलांनी खरंच मारलं नसतं. त्यांना मारायचं नव्हतं, त्यांना तो होकार हवा होता. दार कुणी उघडलं असेल तर अढी बिघडली ती त्यांच्या हातामुळे नव्हे. दार कुणीच उघडलं नसेल तर गाव म्हणत होतं तेच खरं, की बाप गेला आणि बापाचा हातही गेला. हे मला कळायला माझा संसार व्हावा लागला. दादाला तेव्हा कसं कळणार? तो नाही म्हणाला, आणि एकदा म्हटलेलं नाही त्याने घट्ट धरून ठेवलं. वडिलांनी ती केळी वाडीत पुरली. त्यानंतर आमच्या घरात सुकेळी झाली नाही.

त्याच आठवड्यात ती गोष्ट सुरू झाली. संध्याकाळी जपमाळ संपली की वडील पायरीवर बसायचे. आमच्या घरामागे बावखल होतं, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. त्या बावखलात म्हणे एक म्हातारी राहायची. तिने एका पोरक्या मुलीला वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, जीव लावला. एकच सांगितलं, या मडक्यावरचं झाकण उचलायचं नाही. म्हातारी बाजाराला गेली आणि मुलीने झाकण उचललं. मडक्यात काय होतं असं मी विचारलं की वडील म्हणायचे, "ते उचलणारीला ठाऊक." म्हातारीने परत येऊन विचारलं, उचललंस? मुलगी नाही म्हणाली आणि तिचं गाणं गेलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही, मग तिचं हसू गेलं. तिसऱ्यांदा नाही म्हणाली आणि तिचा आवाजच गेला, तिची ढोकरी झाली.

"ती बघा," असं म्हणून वडील काठावरच्या, मान आखडून बसलेल्या बगळ्याकडे बोट दाखवायचे. "अजून बोलत नाय."

बोट बगळ्याकडे असायचं आणि डोळे दादाकडे. दादा पाठ करून बसायचा, पण उठून जायचा नाही. मी मात्र त्या पक्ष्याला घाबरून कितीतरी दिवस बावखलावर एकटी गेले नाही. लेकी बोले सुने लागे म्हणतात, आमच्याकडे लेकालाच बोलायचे आणि लागायचं सगळ्या घराला. आई एकदा भडकून म्हणाली होती, "केळी गेली ती गेली, आता पोराला पण पुरणार काय?" वडिलांनी पाठ फिरवली. दादाची होतीच फिरवलेली. खाण तशी माती, दुसरं काय.

दादा मोठा झाला, नोकरीला लागला, लग्न करून त्याने तुळिंजच्या दाटीवाटीत फ्लॅट घेतला. वाडी सोडून कुणी तिकडे राहायला जातं का, असं लोक म्हणाले. मला कारण ठाऊक होतं. तो सणाला यायचा, वडिलांची औषधं आणायचा, विहिरीचा पंप दुरुस्त करून द्यायचा. भांडण असं काही नव्हतं. दोघं हवापाण्याचं बोलायचे आणि थांबायचे. भांडण असतं तर निदान मिटवता आलं असतं.

मी लग्न करून निर्मळला गेले, म्हणजे फार लांब नाही. आई गेल्यावर रोज सकाळी स्कूटरवर येऊन वडिलांचं बघायचे. त्यामुळे एक गोष्ट फक्त माझ्याच लक्षात आली. वडील नातवंडांना तीच गोष्ट सांगायचे, पण शेवट बदलत चालला होता. आधी ढोकरी ढोकरीच राहायची. मग म्हातारी तिच्यासाठी काठावर मासळी ठेवू लागली. आई गेल्यानंतरच्या नाताळात ऐकलं तर म्हातारी स्वतःच गुडघाभर पाण्यात उतरून ढोकरीशेजारी उभी होती, आणि काही विचारत नव्हती.

दादाच्या मुलीने विचारलं, "पण आजोबा, ती सॉरी बोलते का?"

"बोलली तर बोलली," वडील म्हणाले. "नाय बोलली तरी अंधार पडतोच ना. पोरीला घरी न्यायला नको?"

दादा तिथेच खुर्चीवर होता. तो उठला, हेल्मेट घेतलं आणि आम्हाला उशीर होतोय म्हणाला. मला त्याचा इतका राग आला की मी त्याला निरोप द्यायलाही बाहेर गेले नाही. म्हातारा पाण्यात उतरला होता, आणि हा गाडी सुरू करत होता.

यंदा वडिलांचं हृदय दमलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, त्याचा अर्थ आम्ही समजलो. फादर सकाळी येऊन गेले. वडिलांनी त्यांच्याजवळ पापनिवेदन केलं, कम्युनियन घेतलं. फादरना गेटपर्यंत सोडून दादा आणि मी आत आलो. वडील उशीला टेकून बसले होते. चेहरा स्वच्छ, दाढी मीच करून दिलेली.

"बसा," ते म्हणाले. "तुमच्या आजोबानंतर मी अढी लावली होती. ती बिघडली. दार मीच उघडलेलं. मला धीर धरवला नाय. उगाच या पोराच्या गळ्यात घातलं."

मी थक्क झाले. आत्ता पापनिवेदन करून उठलेला माणूस, ओठ वाळले नव्हते, आणि सरळ खोटं बोलत होता! ते बारीक ठसे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. पण मग उमगलं, की या माणसाने आयुष्यभर जी एक गोष्ट कुणाला दिली नव्हती ती आज दिली. आपला हात वाईट नव्हता, एवढंच त्यांच्यापाशी होतं. तेवढंच सोडून दिलं, का तर पोराने मोकळं घरी जावं.

दादा उभाच होता. त्याच्या डोक्यावरचे केस पांढरे झालेत, पोटाशी शर्ट ताणतो. त्याचा चेहरा लहान पोरासारखा वेडावाकडा झाला.

"नाय बाबा," तो म्हणाला. "तुम्ही नाय. मी उघडलं."

वडिलांनी डोळे मिटले. मला वाटलं संपलं. पण ते नुसतं ऐकत होते.

"कशाला रे उघडलंस?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पिवळा रंग कुठनं सुरू होतो ते बघायचं होतं."

एवढंच. एवढ्यासाठी या घरात सुकेळी बंद झाली, दादा तुळिंजला गेला, आई तळमळत गेली. मला हसू आलं आणि त्याच्याच मागे रडू आलं. मी रागाने रडत होते, दोघांच्याही.

"मधनं," वडील हळू म्हणाले. "केळं मधनं पिवळं होतं. दोन्ही टोकं हिरवी राहतात शेवटपर्यंत." मग दम घेऊन, "मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"तुमची भीती वाटायची, बाबा."

हे ऐकून वडिलांचा चेहरा जसा पडला तसा अढी बिघडली तेव्हाही पडला नव्हता. खूप वेळ ते पांघरुणाची कड चाचपत राहिले. मी पाणी पुढे केलं, ते घेतलं नाही.

"मला माफ कर," ते दादाला म्हणाले.

आमच्या घरांत मुलगा बापाची माफी मागतो. बाप मागत नाही, आणि मागितली तरी मुलगा ती देत नाही; असं नका बोलू म्हणतो, पाया पडतो, विषय बदलतो. दादाही तसंच काही करेल असं मला वाटलं. तो खाटेवर बसला, वडिलांच्या तोंडाजवळ तोंड नेलं, म्हणजे त्यांना नीट ऐकू यावं, आणि म्हणाला, "केलं, बाबा."