गुडघा उघडताना मालक समोर पाहिजे

शहागडला हायवेच्या कडेला मुनीर मिस्तरींचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. पाना हातात घेण्याआधी ते ड्रायव्हरला एकच सवाल करतात, "टाकीत काय काय टाकलं, खरं सांग. रॉकेल मिसळलं असंल तर मिसळलं म्हण. मी फसंन, इंजिन फसणार न्हाई." मग त्याला समोर उभा करतात. इंजिन उघडताना मालकाची नजर तिथं पाहिजे आणि काढलेला पार्ट त्याच्या हातात पडला पाहिजे, हा मिस्तरींचा तीस वर्षांचा रिवाज.

असा माणूस सहा महिने स्टुलावर बसून होता. ट्रकखालून उठताना उजवा गुडघा असा पिरगळला, की आतली गादीच फाटली. उकिडवं बसलं की गुडघा अडकायचा. स्टुलावरून नुसतं ओरडायचं, "अरे, तो नट न्हाई, बाजूचा!" हाताला ग्रीस नाही म्हणून संध्याकाळी साबणानं हात धुताना त्यांना रडू यायचं.

जालन्याच्या दवाखान्यात दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी बायकोला, जन्नतबींना, घेऊन तपासणीला गेले तर भूल देणाऱ्या डॉक्टर अर्पिता समोर. वयानं मिस्तरींच्या लेकीएवढ्या.

"मॅडम, मला झोपवून उघडणार का?"

"का हो?"

"मंग मी न्हाई येत. मालक घोरून राह्यला अन् मिस्तरीनं इंजिन खोललं, असं कुठं असतंय?"

अर्पिता खळखळून हसल्या. "मुनीरभाई, झोपवायची गरजच नाही. पाठीच्या मणक्यांमधून बारीक सुईनं औषध देणार. आत पाणी असतं, पाण्यात नसा. कमरेखालची सगळी खबर त्याच वर नेतात. औषध पडलं की दोन-तीन तास ती खबर बंद. तुम्ही जागे, पाय जागेवर, आणि दुखणं नाही. गुडघ्यात कॅमेरा जातो, आतलं सगळं टीव्हीवर दिसतं. बघायचं असेल तर पडदा तुमच्याकडे वळवू."

मिस्तरी खुर्चीतून अर्धे उठले. "म्हंजे वायर तोडायची न्हाई, फकस्त फ्यूज काढून ठेवायचा!"

"बराबर! औषध उतरलं की फ्यूज आपोआप जागेवर."

"जन्नत, सुना क्या? माझा गुडघा मी आतून बघणार!"

"मेरेकू नक्को बाबा," म्हणत जन्नतबींनी पदर तोंडाला लावला.

"पण एक गोष्ट," अर्पितांनी बोट वर केलं. "रात्री बारानंतर पोटात काही नको. सुईनं भागलं नाही तर पूर्ण झोपवावं लागतं. झोपेत पोटातलं वर आलं आणि फुफ्फुसात उतरलं, तर जिवावर बेततं. म्हणून सकाळी..."

"मॅडम, तीसच्या तीस रोजे ठेवतो मी. भुकं राहायचं मला शिकवू नका."

पुढचं ऐकायला मिस्तरी तिथं होतेच कुठं? मनानं ते केव्हाच ऑपरेशनच्या टीव्हीसमोर जाऊन बसले होते.

पहाटे साडेचारला जन्नतबींनी त्यांना उठवलं. रमजानात सहेरीला, म्हणजे रोज्याआधीच्या जेवणाला उठवतात, तसंच. "दिनभर भूके रहना ना? खा लेव." खिमा, पराठे, दुधातल्या शेवया. मिस्तरींनी दाबून खाल्लं, वर दोन पेले पाणी पिऊन तोंड बंद केलं. इतक्या वर्षांची सवय. शंका यावी तरी कुणाला? जालन्याला जाताना वाटेत अंबडला जीपवाल्यानं चहा पुढं केला तर ऐटीत म्हणाले, "नको भाऊ. आज कडक उपास आहे."

साडेआठला नर्स उषाबाईंनी विचारलं, "उपाशी आहात ना?"

"बिलकुल!"

हिरवा झगा चढला, चाकांची खाट निघाली. ऑपरेशन थिएटरच्या दारातून टीव्हीचा निळा पडदा दिसला आणि मिस्तरींच्या छातीत डिझेल पंप धडधडायला लागला. तेवढ्यात अर्पिता आल्या. मास्कवर नुसते डोळे.

"मुनीरभाई, शेवटचं कधी खाल्लं? आणि काय?"

हा तर त्यांचाच सवाल! टाकीत काय काय टाकलं?

रात्री बारानंतर नको, असं मॅडम म्हणाल्या होत्या. आणि खिमा साडेचारचा.

आता सांगितलं तर ऑपरेशन गेलं. सर्जन कल्याण सर बाहेरगावहून फक्त गुरुवारी यायचे आणि तीनला निघायचे. पुढच्या तीन गुरुवारांना जागा नाही, हे उषाबाईंनी कालच ऐकवलं होतं. म्हणजे पुन्हा तेच स्टूल. नाही सांगितलं तर? सुई पाठीत टोचणार, पोटाशी काय घेणं? पडदा हातभर अंतरावर होता. मिस्तरींनी डोळे मिटले, तर समोर रॉकेल टाकून 'न्हाई टाकलं' म्हणणारे सगळे ड्रायव्हर रांगेत उभे.

"मॅडम, टाकी फुल आहे."

"काय?"

"सहेरी करून आलोय. साडेचारला. खिमा, पराठे, शेवया. दूध बी."

आतून कल्याण सरांचा आवाज, "अहो, रोजा ठेवायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी न्हाई सर. मीच लय हुशार."

उषाबाईंनी तोंड फिरवून हसू गिळलं. अर्पिता मात्र बोटं मोजत होत्या. "तेलातुपाचं खाणं, आठ तास थांबायलाच हवं. साडेबारा. सर, यांना शेवटी घेऊ या?"

"बाकीची दोन वेळेत उरकली तर. नाहीतर पुढचा महिना."

खाट मागं फिरली. अर्पिता सोबत चार पावलं आल्या. "रोजा म्हणालात तेव्हाच मी सहेरीचं विचारायला हवं होतं. पण सांगितलंत, फार बरं केलंत."

बाहेर जन्नतबींच्या डोळ्यांना धार. "मैंनेच खिलाया जी."

"रो मत. खिमा जबरदस्त होता," मिस्तरी म्हणाले आणि घड्याळाकडं बघत बसले. अकराला पहिला पेशंट बाहेर आला. बारा वाजले. साडेबारा. दुसरा आत होता, पण दार काही उघडेना. मिस्तरींनी तेवढ्या वेळात भिंतीवरच्या पंख्याचा आवाज ऐकून त्याचं बेअरिंग गेल्याचं सगळ्या वॉर्डाला सांगून टाकलं. एकला दहा कमी असताना दार खाडकन उघडलं.

"चला हो, टाकीवाले!" उषाबाई ओरडल्या.

आत अर्पिता म्हणाल्या, "बसा. पाठ बाहेर काढून वाका."

"बोनेटमध्ये वाकतो तसा?"

"तस्संच. हलू नका."

चिमटा काढल्यासारखं टोचलं. मग तळव्यांतून ऊब वर चढायला लागली, पाय जड झाले. मिस्तरींनी अंगठ्याला हुकूम सोडला. अंगठ्यानं ऐकलंच नाही! अर्पितांनी ओला बोळा छातीला लावला. "गार लागतं?"

"लागतं."

"मांडीला?"

"ही मांडी कुणाची आहे मॅडम?"

सगळे हसले. छातीपुढं हिरवं कापड लागलं आणि पडदा वळला. पाण्यात तरंगणारं, पांढरंशुभ्र, चकचकीत असं काहीतरी. पन्नास वर्षं आपल्या वजनाखाली राबलेली ही जागा इतकी देखणी असेल, असं मिस्तरींना कधी वाटलंच नव्हतं. आणि मध्येच लोंबणारी एक चिंधी.

"सर, पॅकिंग फाटलंय! तो बघा तुकडा, मधी येऊन राह्यला! त्याच्यानंच अडकत होतं!"

"मिस्तरी, मी करू का तुम्ही करता?"

"तुम्हीच करा. मी मालक आहे आज." जरा थांबून म्हणाले, "पण पार्ट माझ्या हातात द्यायचा!"

संध्याकाळी खाटेवर मिस्तरींच्या मुठीत एक बारकी बाटली होती, आत नखाएवढी पांढरी चिंधी. ती त्यांनी वॉर्डातल्या प्रत्येकाला दोनदा दाखवली होती. उकिडवं बसायला अजून काही महिने थांबा, असं सर सांगून गेले होते. महिने तर महिने. नजर पायाच्या अंगठ्यावर खिळलेली. हलत नाही, हलत नाही, आणि एकदम किंचित हलला.

"जन्नत! फ्यूज आला!"

जन्नतबींनी आनंदानं डबा उघडला. "अब तो खाते ना?"

मिस्तरींनी झाकण पटकन परत लावलं. "ठहर. आधी मॅडमला विचार. अन् त्यांचं बोलणं पुरं होईस्तोवर तिथून हलू नको."